वनाची राखण : ग्रामसभांसाठी एक पाठ

सूरजागड हा गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील डोंगर होय. त्याच्या पोटात लोखंडाचा दगड आहे, आणि माडिया गोंड लोक तेथे ठाकूरदेवाचे स्थान मानतात. 2016 सालापासून तेथील दगड खणून नेला जात आहे. 2023 साली वर्षाला 1 कोटी टनांपर्यंत काढण्याची परवानगी मिळाली. कित्येकांस त्यामुळे मजुरी मिळाली, हे खरे. परंतु एकदा खणलेला डोंगर पुन्हा उभा करणे मनुष्याच्या हाती नाही. म्हणून जे वन अजून उभे आहे, ते कोणी व कसे राखावे, ह्याचा आपण विचार करू.

पहिली गोष्ट हक्काची. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस वन वापरण्याचा व राखण्याचाही अधिकार दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास 2009 साली सुमारे 1800 हेक्टर वनावर तो मिळाला. तेथे आधी अभ्यासगटात चर्चा होते, मग सर्वांच्या संमतीने निर्णय होतो.

दुसरी गोष्ट त्यागाची. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास 2012 साली सुमारे 1000 हेक्टर वनाचा हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे रोख पैसा. तरी ग्रामसभेने तो तोडणे बंद केले. का बरे? नवे पान फुटावे म्हणून लोक फांद्या छाटतात व आग लावतात, आणि त्या आगीत कोवळी रोपे मरतात. गावाने बांबूवर निर्वाह केला, व वनाचा काही भाग मुळीच न तोडता राखून ठेवला.

तिसरी गोष्ट नित्याच्या कामाची. मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा जाळू नये, झाडून बाजूस सारावा. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करावी. पाळीपाळीने गस्त घालावी. जेथे जुने खुंट व मुळे जिवंत आहेत, तेथे आग व चराई थांबविली की वन आपोआप फुटते. रोपे लावण्याची घाई नको.

अशा राखणीस वेतन नाही. जो आज पहारा करितो, त्याच्या सावलीस पुष्कळदा त्याची नातवंडे बसतात. हे समजून जो काम करितो, तोच टिकतो.

विचारावयाचे प्रश्न :
1. आपल्या गावाने वनहक्काचा दावा केला आहे काय?
2. आपल्या वनात वणवा कोणत्या कारणाने लागतो?
3. वनासाठी आपण कोणता लाभ सोडण्यास तयार आहो?