खोली हाच रस्ता

पुणे

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. नोकरीच्या पहिल्या बोनसमधून गाणं ऐकायला चांगला संच घ्यावा, असं तुझ्या मनात आलं याचा मला फार आनंद झाला. आपल्या घरात गाण्याचा कान आहे, तो तू जपतो आहेस. पण पत्रासोबतची यादी वाचताना थबकलो. एका कंपनीपुढे तू ‘ऑडिओतली रोल्स-रॉइस’ लिहिलं आहेस, दुसरीपुढे फेरारी, तिसरीपुढे टोयोटा. आणि खाली प्रश्न, ‘मामा, यातली माझ्या ऐपतीत कुठली बसेल?’

गाड्यांशी तुलना करण्यात चूक नाही. फक्त ती किमतीची उतरंड रचायला वापरू नकोस. प्रत्येक नावापुढे एवढंच लिही: करणाऱ्याला काय साधायचं होतं, आणि त्यासाठी त्याने काय सोडलं?

उदाहरणार्थ, मिनी ही गाडी घे. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचानंतर इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली आणि लहान गाडीची निकड भासली. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये जेमतेम १० फूट लांबीची गाडी दिली. इंजिन आडवं बसवलं, चाकं १० इंचांची केली आणि वाचलेली जागा माणसांना दिली. पुढे १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांपुढेही जागेचाच प्रश्न होता. बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मोठा स्पीकर मावत नव्हता, पण बोलणाऱ्याचा आवाज तर खराखुरा ऐकू यायला हवा होता. त्यातून एलएस३/५ए हा फूटभर उंचीचा स्पीकर जन्मला. बीबीसीच्या परवान्याने रॉजर्स, स्पेंडॉर अशा कंपन्यांनी तो बनवला. खोल खर्ज आणि दणदणाट या दोन्हींवर त्या अभियंत्यांनी पाणी सोडलं, माणसाचा कंठ मात्र सांभाळला.

तुझ्यासाठी याचा अर्थ काय ते सांगतो. हा स्पीकर साधारण ७० हर्ट्झपर्यंत नीट उतरतो. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. पण तानपुऱ्याचं तेज जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांत असतं, आणि ते सगळे उंबरठ्याच्या आत आहेत. मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत ऐकणाऱ्याला हा स्पीकर अपुरा वाटेल. ख्याल ऐकणाऱ्याचं बरंचसं काम तो करतो.

क्वाड या ऑडिओ कंपनीच्या पीटर वॉकर यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ मध्ये बाजारात आला. त्याच्या दोनच वर्षं आधी सित्रोएनने डीएस गाडी आणली होती. सित्रोएनने पोलादी स्प्रिंगा काढून वायू आणि तेलाच्या दाबावर गाडी तोलली. वॉकर यांनी नेहमीच्या स्पीकरमधला शंकू आणि खोका दोन्ही काढले आणि विद्युतभारित पातळ पडद्यालाच बोलतं केलं. त्यातून मिळालेली स्वच्छता आजही लोक वाखाणतात. पण तो फार मोठ्याने वाजवता येत नाही, आणि त्याचं खरं सुख समोर नेमक्या जागी बसणाऱ्यालाच मिळतं. दहा मित्र जमवून ऐकायचं असेल तर तो तुझ्या कामाचा नाही.

ग्लासगोच्या लिन कंपनीच्या एलपी१२ टर्नटेबलला लोक पोर्श ९११ म्हणतात. एकच घाट धरून वर्षानुवर्षं सुधारत राहायचं, हे दोघांत सारखं आहे. पण पोर्शचं नवं रूप हवं तर नवी गाडी घ्यावी लागते. १९७० च्या दशकातल्या एलपी१२ ला आजचे सुटे भाग बसवून ते नवं करता येतं. असा फरक दिसला की नीट थांबून बघ, कारण तुलना तुटते तिथेच काही शिकायला मिळतं.

सगळ्यात मोठा फरक आता सांगतो. हल्ली बेंटलीत नेमचा, मर्सिडीजमध्ये बर्मेस्टरचा, व्होल्वोत बोवर्स अँड विल्किन्सचा संच मिळतो. त्या गाडीत ऐकणाऱ्याचं डोकं कुठे असेल, काच कुठे, गादी कुठे, हे अभियंत्याला आधीच ठाऊक असतं. तुझी खोली मात्र कुठल्याच अभियंत्याने पाहिलेली नाही. गाडीची परीक्षा रस्त्यावर होते. स्पीकरचा रस्ता म्हणजे तुझी खोली.

तुझी खोली १० बाय १२ ची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. तिथे खोल खर्जाचा भलामोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवलास तर डग्ग्याचा घुमारा बोलांना गिळून टाकेल.

मी हे पैसे मोजून शिकलो. तुझ्या वयाचा असताना दुकानाच्या प्रशस्त दालनात ऐकून कमरेएवढे स्पीकर घेतले. घरी आणल्यावर विलंबित ख्यालात ठेक्याची नुसती गुणगुण उरली. मी कंपनीला दोष देत राहिलो, आणि दोन वर्षांनी निम्म्या किमतीत ते विकले. न्यायला आलेल्या माणसाने उचलायच्या आधी ते भिंतीपासून दोन हात पुढे ओढून वाजवून पाहिले, तेव्हा ते किती सुंदर गात होते ते मला पहिल्यांदा कळलं.

म्हणून दुकानात जाशील तेव्हा तुला तोंडपाठ असलेल्या तीन बंदिशी घेऊन जा. दोन संच शेजारी ऐकताना आवाज सारखा ठेवायला सांग, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. दोन दिवस घरी ऐकायला देतील का ते विचार. दहा वर्षांनी बिघडल्यास दुरुस्त कोण करेल, हेही विचार. आणि थोडे पैसे जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांच्या कपाटासाठी राखून ठेव. खर्जाचा घुमारा त्यांनी फारसा आवरत नाही, पण भिंतींवरून उलटणारा वरचा आवाज मऊ होतो आणि शब्द स्पष्ट लागतात.

ती यादी तूर्त बाजूला ठेव. रविवारी टेप घेऊन खोली माप. दार, खिडकी, पलंग आणि तू जिथे बसून ऐकणार ती जागा, एवढं कागदावर काढून मला पाठव. कंपनीचं नाव आपण त्यानंतर ठरवू.

तुझा,
मामा