स्टिकचा आवाज बारीक का येतो?

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): मी बरीच वर्षं गिटार वाजवतो. अमेरिकेतून परतलेल्या आत्येभावाने त्याची दहा तारांची चॅपमन स्टिक मला दिली. दोन्ही हातांची बोटं तारांवर टेकवून वाजवायचं हे वाद्य. पण माझा आवाज बारीक येतो, खर्जाच्या तारा खरखरतात आणि एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच खटखट ऐकू येते. चांगल्या वादकांची स्टिक मात्र पियानोसारखी भरून वाजते. दोष वाद्यात आहे की माझ्यात? आणि मुळात तार छेडलीच नाही, तर आवाज येतो कसा?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच दडली आहेत.

गिटारवर कामाची वाटणी असते. डाव्या हाताचं बोट सूर ठरवतं, उजवा हात तार छेडतो. स्टिकवर ही दोन्ही कामं एकच बोट करतं. बोट वरून पडतं, तार फ्रेटवर आदळते आणि फ्रेटपासून घोडीपर्यंतचा तारेचा भाग थरारतो. बोट तिथे आहे तोवर सूर आहे. उचललं की सूर संपला. फ्रेटच्या दुसऱ्या बाजूचा, खुंट्यांकडचा तुकडाही वाजू पाहतो. तो गप्प राहावा म्हणून वरच्या टोकाला तारांना टेकणारी एक मऊ पट्टी बसवलेली असते. तिला डँपर म्हणतात.

ही युक्ती तशी जुनी आहे. युरोपात पियानोच्या आधीपासून क्लॅव्हिकॉर्ड नावाचं वाद्य होतं. त्याची पट्टी दाबली की धातूची एक छोटी पात तारेवर आदळते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तिथेच टेकून राहते. तारेचा नको असलेला भाग कापडाच्या पट्ट्यांनी बंद केलेला असतो. आवाज इतका नाजूक की एका खोलीपलीकडे जाणं कठीण. तरी कार्ल फिलिप इमानुएल बाखसारखा संगीतकार या वाद्यावर जीव टाकत असे, कारण सूर वाजत असताना बोटाचा तारेशी संबंध तुटत नाही. पट्टी किंचित हलवली की सूर कंप पावतो. आपल्याकडे सतारीवर कृंतन घेताना डाव्या हाताची बोटं मिझराबाच्या मदतीशिवाय सूर काढतात, तेही याच जातीचं काम. फरक एवढाच की सतारीवर तो एक अलंकार आहे आणि स्टिकवर सगळं वादन त्यावरच उभं आहे.

आवाज लहान असण्याची अडचण पिकअप आणि अँपने सोडवली. एमेट चॅपमन हे लॉस एंजेलिसचे जॅझ गिटारवादक. 1969 साली त्यांना सुचलं की उजवा हातही गिटारच्या गळ्यावर आणायचा, पण दोन्ही हात समोरासमोरच्या बाजूंनी असे आणायचे की दोहोंची बोटं फ्रेटला समांतर पडतील. मग दोन्ही हातांना सारखंच स्वातंत्र्य मिळतं. गिटारवर दोन हातांनी टॅपिंग करणारे अमेरिकेत त्याआधीही होते आणि 1978 मध्ये रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ते जगभर गाजवलं. पण व्हॅन हेलनचा उजवा हात मधूनच येऊन चमक दाखवून जाई, चॅपमन यांचा तिथे मुक्कामाला असे. या पद्धतीसाठी त्यांनी वेगळं वाद्यच घडवलं आणि 1974 मध्ये ते विकायला सुरुवात केली. 2021 मध्ये ते गेले.

आता तुमच्या तक्रारीकडे वळतो. माझं स्पष्ट मत असं की तुम्ही खूप जोर लावताय. गिटारवरून आलेले बहुतेक जण लावतात. छेडायचं काम हातून गेलं, म्हणून दाबायचं काम दुप्पट जोराने करावंसं वाटतं. पण सूर मोठा की लहान हे बोट किती वेगाने तारेवर आलं यावर ठरतं. तार फ्रेटला लागल्यानंतर कितीही दाबलं तरी आवाज वाढत नाही. उलट तार ताणली जाऊन सूर किंचित चढतो, बोट आखडतं आणि पुढचा सूर उशिरा पडतो.

हे स्वतःच्या कानांनी ऐकायचं असेल तर असं करा. सुरांच्या बाजूची, म्हणजे खर्जाची नसलेली, एकच तार घ्या. मधल्या बोटाने कुठल्याही सोयीच्या फ्रेटलगत एक सूर काढा आणि तो वाजत असतानाच बोटाचा दाब हळूहळू कमी करा. एका ठिकाणी सूर खरखरू लागेल. तिथून केसभर दाब वाढवा, खरखर थांबेल. सूर धरून ठेवायला फक्त एवढाच दाब लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा विश्वास बसत नाही इतका तो कमी असतो. आता तोच सूर पुन्हा काढा, पण बोट झटकन पाडून लगेच तेवढ्याच दाबावर आणायचं: पडताना चपळ, पडल्यावर सैल. चारही बोटांनी हे करून बघा. करंगळीचा सूर पोकळ येईल, अनामिकेचा थोडा बोथट. सगळ्या बोटांचा सूर सारखा ऐकू येईपर्यंत स्केलच्या मागे लागू नका.

बोट कुठे पडतं, हेही तितकंच महत्त्वाचं. घोडीच्या बाजूच्या फ्रेटला अगदी लगटून, पण फ्रेटच्या अंगावर नाही. फ्रेटवर पडलं तर सूर गुदमरतो. दोन फ्रेटच्या मधोमध पडलं तर तार नीट टेकत नाही, खरखरते, आणि मग तुम्ही पुन्हा जोर लावता. खर्जाच्या तारांवर हे लगेच उघडं पडतं, कारण तिथे तार जाड आणि तिचं हेलकावणं मोठं. बोटाचं टोक वापरा, गादी नको, आणि दोन्ही हातांची नखं कापलेली ठेवा. गिटारसाठी उजव्या हाताची वाढवली असतील तर इथे त्यांचा मोह सोडावा लागेल.

तुमची खटखट बहुधा बोट उचलतानाची आहे. गिटारवर पुल-ऑफ घेताना आपण बोट तारेला थोडं खेचून सोडतो. ती सवय इथे आली की डँपरने दाबलेली मोकळी तार ‘ठक’ करून बोलते. बोट सरळ वर उचला, बाजूला ओढू नका. दुसरं म्हणजे घाई करू नका: पुढचं बोट पडेपर्यंत आधीचं बोट जागेवर राहू द्या. एका तारेवर चढत जाताना हे सोपं आहे. उतरताना पुढचं बोट आधीच तारेवर दाबून तयार असेल तरच धागा तुटत नाही. एका तारेवरून दुसरीवर जाताना सर्वांत कठीण, कारण क्षणभर दोन्ही सूर एकत्र वाजतात आणि ते किती वेळ चालवून घ्यायचं हे कानालाच ठरवावं लागतं. एखादं भावगीत अगदी संथ लयीत, डाव्या हाताशिवाय वाजवा. आपल्या गाण्यात एक सूर दुसऱ्यात मिसळत जातो, त्यामुळे तुटलेली जागा लगेच कानाला टोचते. या कामाला त्याहून चांगला सराव मला माहीत नाही. मींड हवी तर तार बाजूला ओढून थोडी मिळते. बोट दाबून सरकवलं तर घसीट मिळते, पण तिच्यात फ्रेटच्या पायऱ्या ऐकू येतात. ती या वाद्याची मर्यादा आहे, तुमची नाही.

आता वाद्याचा दोष असू शकेल अशा जागा. डँपर तारांना टेकतो का पाहा. बोट न लावता तारांवर हलकेच टिचकी मारा. एखादी तार घुमत राहिली तर तिथे डँपर सैल आहे. तारांची उंची बघा. या वाद्यावर तारा फ्रेटच्या खूप जवळ असाव्या लागतात, पण हलक्या स्पर्शालाही ठरावीक दोन-तीन फ्रेटवरच खरखर येत असेल तर तिथे तार फार खाली बसली आहे किंवा गळ्याची कमान बिघडली आहे. घोडीवर प्रत्येक तारेची उंची वेगळी जुळवता येते. वाद्याच्या तारा जुन्या असतील तर त्या आधी बदला. आपल्या किनाऱ्याकडच्या दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात आणि गुंडाळीच्या खर्जाच्या तारा मळल्या की त्यांची धार जाते. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार पुसायची सवय लावा.

केबलही तपासा. स्टिकच्या सुरांच्या तारा आणि खर्जाच्या तारा यांचे पिकअप वेगळे असतात आणि दोन्ही आवाज एकाच स्टिरिओ जॅकमधून बाहेर येतात. गिटारची साधी मोनो केबल लावली तर बहुधा एकच बाजू ऐकू येते. दोन टोकांत विभागणारी स्टिरिओ केबल घ्या आणि दोन्ही बाजू मिक्सरवर वेगळ्या चॅनेलमध्ये आणा. गिटारच्या अँपपेक्षा कीबोर्डचा अँप बरा. खर्ज त्यात नीट येतो. आणि अँपचा आवाज वाढवा! शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो कमी ठेवला की बोटं जोर करू लागतात. हेडफोन लावा, आवाज पुरेसा ठेवा, बोटं आपोआप हलकी होतील. कॉम्प्रेसर सध्या बाजूला ठेवा. तो कमीजास्त सूर सारखे करतो, त्यामुळे बोटांचा कमीजास्तपणा तुम्हाला ऐकूच येणार नाही.

भरलेल्या आवाजाचं अर्धं गुपित मात्र डाव्या हाताच्या, म्हणजे खर्जाच्या तारांवरच्या, स्वररचनेत आहे. नेहमीच्या जुळणीत खर्जाच्या पाच तारा पंचमाच्या अंतराने लावतात: सी, जी, डी, ए, ई. सर्वांत खालची सी ही बेस गिटारच्या खालच्या ई तारेच्याही खाली जाते. सुरांच्या तारा मध्यमाच्या अंतराने असतात आणि दोन्ही गटांतल्या सर्वांत जाड तारा गळ्याच्या मध्यभागी येतात. गिटारवादक खर्जातही जवळजवळचे सूर एकत्र घेतो आणि सगळं गढूळ होतं. पंचमाच्या जुळणीत लगतच्या दोन तारा एकाच फ्रेटवर घेतल्या की षड्ज-पंचम मिळतो. त्याच्या पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर गेलं की वरच्या सप्तकातला गंधार. एवढ्या तीन सुरांत कॉर्ड पुरा होतो आणि सुरांमध्ये मोकळी जागा असल्याने तो घुमतो. डावा हात असा मोकळा ठेवून अगदी हळू वाजवत राहा आणि तेवढ्या वेळात उजवा हात हळूहून मोठा करत न्या. डावा हातही त्याच्यामागे मोठा होऊ बघेल. तो जागेवर थांबवणं ही या वाद्यावरची सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि पियानोसारखा भास तिथूनच येतो.

बसण्या-उभं राहण्याबद्दल थोडंसं. वाद्याचं वजन खांद्यावरचा पट्टा आणि कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा हूक यांनी पेलायचं असतं. अंगठ्याने गळा धरून ठेवावा लागत असेल तर पट्टा चुकीच्या उंचीवर आहे. गळा जवळजवळ उभा, डाव्या खांद्याजवळून वर जाणारा हवा. तसा असला की मनगटं न वाकवता बोटं फ्रेटला समांतर येतात.

प्रश्न (त्याच पत्रातला): ऐकायचं काय आणि कुणाचं?

उत्तर: टोनी लेव्हिन यांच्यापासून सुरुवात करा. किंग क्रिम्सन या रॉक बँडच्या 1981 च्या ‘डिसिप्लिन’ या अल्बममधलं पहिलं गाणं, ‘एलिफंट टॉक’, त्यांच्या स्टिकनेच सुरू होतं. पण ते ठाशीव, तालप्रधान वादन आहे. तुम्हाला हवा तसा गोल, गाता आवाज हवा असेल तर चॅपमन यांचा 1985 चा ‘पॅरलल गॅलक्सी’ हा अल्बम ऐका, आणि मग बॉब कल्बर्टसन व ग्रेग हॉवर्ड. ऐकताना वेगाकडे लक्ष देऊ नका. सूर संपतो कसा, तेवढंच टिपा.

आधी तारा, डँपर आणि केबल बघून घ्या. मग दाब कमी करण्याचा सराव रोज थोडा थोडा करा, एका तारेवरच. त्यानंतरही खर्जाची खरखर गेली नाही, तर कुठल्या तारेवर आणि कितव्या फ्रेटवर येते ते लिहून कळवा. तेवढ्या माहितीवरून दोष उंचीचा की गळ्याचा, हे सांगता येईल.