कॉपी करताना ‘रीड-ओन्ली’चं कुलूपही सोबत येतं!



इथे खाप्यात मी मुलांना पायथन शिकवतो. शाळेच्या कॉम्प्युटरवरची गुणपत्रकं रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर जावीत म्हणून आम्ही मिळून पंधरा-वीस ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. पहिल्या दिवशी तो झकास चालला, टाळ्याही झाल्या. तीन आठवड्यांनी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. पेनड्राइव्ह उघडला, तर त्यात फक्त पहिल्याच दिवसाची गुणपत्रकं! त्यानंतर भरलेले पहिल्या सत्राचे गुण कुठेच नव्हते. वह्या काढून दोन रविवार पुन्हा भरत बसलो. एक मुलगा म्हणाला, “पेनड्राइव्हच खराब निघाला जी, सर.” पेनड्राइव्ह ठणठणीत होता. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती.

झालं असं. मागच्या वर्षीच्या निकालात कोणी चुकून बदल करू नये, म्हणून त्या फाइलींना मीच ‘रीड-ओन्ली’ केलं होतं. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ही खूण करता येते. खूण केली तेही बरोबरच होतं. पण आता असं समजा, की एका कागदावर ‘यात खाडाखोड करू नये’ असा शिक्का आहे आणि तुम्ही त्याची झेरॉक्स काढली. शिक्का झेरॉक्सवरही येणारच ना? तसंच इथे घडलं. पहिल्या दिवशी मजकुरासोबत रीड-ओन्लीची खूणही पेनड्राइव्हवर गेली. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम त्याच नावाच्या फाइलवर पुन्हा लिहायला गेला, तेव्हा विंडोजने त्याला दारातच अडवलं: परमिशन एरर, क्रमांक 13. प्रोग्राम तिथेच थांबला. फोल्डरची नावं वर्षांवरून होती, त्यामुळे जुनं वर्ष आधी यायचं आणि नव्या वर्षापर्यंत गाडी पोचायचीच नाही. टास्क शेड्युलर रोज वेळेवर प्रोग्राम सुरू करत होता, पण खिडकी लगेच बंद व्हायची. एरर वाचणार कोण?

पायथनच्या ‘शटिल’ मॉड्यूलमध्ये कॉपीची तीन फंक्शनं नेहमी लागतात, आणि फरक नेमका इथेच आहे. ‘कॉपीफाइल’ फक्त मजकूर नेतं. ‘कॉपी’ मजकुरासोबत परवानग्याही नेतं, म्हणजे आमचं कुलूप आलंच. ‘कॉपी२’ त्याशिवाय फाइल शेवटची कधी बदलली ती वेळही जपतं. मग कॉपीफाइल वापरून मोकळं व्हावं, असं वाटेल. नव्या कॉपीला कुलूप लागणार नाही हे खरं, पण आधीच कुलूपबंद पडलेल्या कॉपीवर तेही लिहू शकत नाही. शिवाय बॅकअपमध्ये तारखा हव्यातच, म्हणून मी कॉपी२ च ठेवलं.

दुरुस्ती मुलांकडून आधी मराठीत लिहून घेतली:

जिथे कॉपी जाणार तिथे त्या नावाची फाइल आहे का?
असेल तर तिचं रीड-ओन्ली काढ.
मग कॉपी कर.
नाही जमलं तर फाइलचं नाव यादीत लिही आणि पुढच्या फाइलकडे जा.
शेवटी यादी दाखव, आणि कळ दाबेपर्यंत खिडकी उघडी ठेव.

दुसऱ्या ओळीसाठी ‘ओएस’ मॉड्यूलमधलं ‘सीएच-मॉड’ वापरायचं. त्याला ‘स्टॅट’मधला ‘एस_आयराइट’ दिला की खूण निघते. कुलूप काढायचं ते फक्त पेनड्राइव्हवरच्या कॉपीचं. मुलं हटकून मूळ फाइलचंच काढतात, कारण “सर, मग काही अडतच नाही.” अडत नाही खरं, पण ज्यासाठी कुलूप लावलं तेच गेलं!

चौथ्या ओळीत एक लबाडी शिरते, ती पकडा. एरर आली की ‘पास’ लिहून गप्प बसणारा प्रोग्राम छान चाललेला दिसतो. तो मला थांबणाऱ्या प्रोग्रामपेक्षाही वाईट वाटतो.

जुन्या डॉसमधली ‘एक्सकॉपी’ आज्ञा याच प्रश्नाला उलटं उत्तर देते. ती आपणहून रीड-ओन्ली काढून टाकते. ते टिकवायचं असेल तर ‘के’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि कुलूपबंद फाइलवर लिहायचं असेल तर ‘आर’.

फोल्डरबद्दल पालक हमखास विचारतात: “टिक काढली तरी तो चौकोन परत येतो, व्हायरस आहे का?” नाही हो. विंडोजमध्ये फोल्डरची ही खूण आत फाइल बनवायला अडवत नाही, आणि त्या खिडकीतली टिक आतल्या फाइलींना लागू होते. उबुंटूवर मात्र सांभाळा. तिथे फोल्डरचीच लिहिण्याची परवानगी काढली, तर आत नवी फाइल बनत नाही आणि जुनी पुसताही येत नाही, मग त्या फाइलला स्वतःला कुलूप असो वा नसो.

वर्गात करून बघायचं असेल, तर एका फोल्डरमध्ये तीन फाइली ठेवा आणि मधली रीड-ओन्ली करा. दुरुस्ती नसलेला प्रोग्राम नावाच्या क्रमाने एकदा चालवा. मग पहिल्या आणि तिसऱ्या फाइलमध्ये एकेक ओळ वाढवा. दुसऱ्यांदा चालवण्याआधी मुलांना वहीत लिहायला सांगा, कोणती नवी ओळ पेनड्राइव्हवर पोचेल. आमच्या वर्गात बहुतेकांनी “दोन्ही” लिहिलं होतं.