म्हातारपणी मांड्यांतले बळ

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत घरभेटीला गेलो की आम्हांला एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. मुलगा लूमवर नाही तर डाइंग मिलमध्ये, सून साड्यांना खडे लावण्याच्या कामात, नातवंडे शाळेत. आणि धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आणलेले आईवडील खोलीत कॉटवर बसलेले. गावी असताना ज्यांनी उभी हयात विहिरीचे पाणी शेंदले, कपाशी वेचली, ज्वारीची पोती पाठीवर वाहिली, त्यांना इथे सांगितले जाते, "खूप केले, आता आराम करा." सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण दोन-तीन वर्षांत तीच आई खाली बसली की कुणी हात दिल्याशिवाय उठत नाही.

इथे आमची एक चूक कबूल करतो. अशाच एका आजींचे गुडघे दुखू लागले, तेव्हा आम्हीच त्यांना महिनाभर पडून राहायला सांगितले. महिन्याने गुडघे थोडे शांत झाले, पण आजींना शौचास बसून उठता येईना. सुनेला सोबत आत जावे लागे. ज्या बाईने घर चालवले तिला याची किती लाज वाटली असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे आम्ही डॉक्टरांशी बोललो, थोडे वाचले, आणि आपला सल्ला कुठे चुकला ते कळले.

2007 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चांगल्या निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले. तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पायांतले मिळून सुमारे एक किलो मांस कमी झाले. दहा दिवसांत! आम्ही तर महिना सांगितला होता.

वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला 1989 साली रोझेनबर्ग नावाच्या शास्त्रज्ञांनी 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. सेमिनरीत शिकलेले ग्रीक इथे कामी आले: 'सार्क्स' म्हणजे देहमांस, 'पेनिया' म्हणजे गरिबी. देहमांसाची गरिबी. तिशी-चाळिशीनंतर ही गरिबी हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर वेग घेते. मांड्या आणि पोटऱ्या दुबळ्या झाल्या की तोल जातो. तोल गेला की पडणे, आणि पडले की खुब्याचे हाड.

"वय झाले, अंग गळायचेच," असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. 1990 साली बोस्टनच्या एका वृद्धालयात डॉ. मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्या नऊ जणांच्या पायांतली ताकद सरासरीने जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत हे होत असेल तर पासष्टीच्या माणसाने निराश का व्हावे?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. इथून गाडीने दोन-अडीच तासांवर बडोद्याला प्रो. माणिकरावांनी नावारूपाला आणलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, आणि मराठीतला अनेक खंडांचा व्यायाम ज्ञानकोश बडोद्याहूनच निघाला. जोर, बैठका, मुद्गल हे आपल्या आजोबांचेच शब्द. आजींना सुचवायचे ते बैठकेचेच सौम्य रूप आहे. तालमीत नव्या पोराला कुणी पहिल्या दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही; आजोबांनाही तोच नियम.

आधी परीक्षा घ्या. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा (प्लॅस्टिकची खुर्ची सरकते, ती नको). हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा आणि घड्याळ पाहा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर मांड्या दुबळ्या झाल्या आहेत असे समजावे. आमच्या मंडळींना आणखी एक खूण सांगतो: मिस्साच्या वेळी गुडघे टेकल्यावर पुढच्या बाकाला धरल्याशिवाय उठता येते का?

हीच परीक्षा पुढे व्यायाम होते. पाय थोडे मागे घ्या, अंग पुढे झुकवा, श्वास सोडत उठा आणि तीन आकडे मोजत सावकाश बसा. खाली बसताना धपकन अंग टाकू नये. सावकाश बसण्यातच निम्मा व्यायाम आहे. आठ वेळा करून थोडे थांबा, मग आणखी आठ. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. मुळीच जड जात नसेल तर अंग हलले एवढेच, ताकद वाढणार नाही. बारा वेळा सहज जमू लागले की किलोभर गव्हाची पिशवी छातीशी धरा, पुढे दोन किलोची. भिंतीला धरून टाचा उचलणे, हातभर अंतरावर उभे राहून भिंतीला जोर काढणे, एक लिटर पाण्याची बाटली (तिचे वजन एक किलोच) खांद्यापर्यंत उचलणे, ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहणे, हेही करावे. जिमची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली पासष्टीपुढच्यांसाठी ताकदीचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस आणि तोल सांभाळण्याचा तीन दिवस सांगितला आहे. एक दिवसाआड केले तर स्नायूंना विसावाही मिळतो. नुसते चालणे चांगलेच, पण त्याने हे काम भागत नाही.

श्वास कोंडून वजन उचलू नका, रक्तदाब चढतो. हृदयविकार, हर्निया, नुकतेच झालेले मोतीबिंदूचे ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर घाबरू नका. सांध्यात कळ निघाली तर मात्र वजन कमी करा. गुडघेदुखीत मांड्या बळकट केल्याने दुखणे बहुधा कमीच होते. हे आम्हांला तेव्हा माहीत असते तर!

व्यायामाला अन्नाची जोड हवी. पन्नास किलो वजनाच्या वृद्धाला दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम प्रथिने लागतात. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्यांना ती कुठून मिळणार? मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा, कपभर दुधात तेवढीच, अर्धी वाटी कोरड्या डाळीत दहा-बारा. खानदेशची कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद; ती गावीच ठेवून येऊ नका. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

ऑगस्ट 2006 मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्यांना वरचा मजला गाठावा लागला. अशा वेळी आपल्या पायांनी जिना चढता येणे हीच मोठी कमाई असते.

त्या आजी आता दोन किलो गहू छातीशी धरून दहा वेळा उठतात. नातू मोजतो आणि मधूनच आकडा चुकवतो, त्यावर दोघांचे भांडण होते. शौचास त्या एकट्या जातात. जमिनीवरून उठताना अजून एक हात कॉटला लावावा लागतो. आधी दोन्ही हात आणि सून लागत असे.