वाक्य शेवटाकडून धर

अगं, काल फोनवर तू म्हणालीस ते माझ्या मनातून जाईना. "ताई, इन, ऑन, ॲट सगळं पाठ आहे, पण बँकेच्या पेपरात रिकामी जागा दिसली की हात थांबतो." म्हणून आज जरा निवांत लिहितेय. हे तुझ्यामाझ्यात राहू दे, पण मला वाटतं तू पाठांतर पुरेसं केलं आहेस, आता ते बाजूला ठेव. प्रीपोझिशन समजायला लागणारं सगळं व्याकरण तुला मराठीतून आधीच येतं. शाळेत त्या दोन गोष्टींची गाठ कुणी घालून दिली नाही, एवढंच.

शब्दयोगी अव्ययं आठवतात? पुलाखाली, सणापूर्वी, घरामागे, तुझ्यासाठी. नामाचं सामान्यरूप करायचं आणि त्याला शब्द जोडायचा. घोडा असेल तर घोड्यावर, आणि 'तू' असेल तर तुझ्यासाठी. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्या डोळ्यांसमोर होतीच. आपण तीच वाट उलट्या बाजूने चालायची. मराठीत हा जोडलेला शब्द नामाच्या मागून येतो, इंग्रजीत पुढे उभा राहतो. आपलं नाम त्यासाठी वाकतं, इंग्रजी नाम ताठच राहतं. प्रीपोझिशन आणि तिच्यानंतरचं नाम मिळून जो तुकडा होतो, ती प्रीपोझिशनल फ्रेज. व्याख्या इथेच संपली. खरी गंमत पुढे आहे.

हे इंग्रजी बघ: 'द लेटर टू द कलेक्टर अबाउट द रोड टू द स्टेशन'. आता मराठीत सांग. 'स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दलचं कलेक्टरांना लिहिलेलं पत्र.' दोन्हींचा क्रम शेजारी ठेव. इंग्रजीत पत्र, कलेक्टर, रस्ता, स्टेशन. मराठीत स्टेशन, रस्ता, कलेक्टर, पत्र. बरोब्बर उलटं! आपली मुख्य वस्तू सगळ्यात शेवटी येते, त्यांची सगळ्यात आधी. तू उताऱ्यात अडकतेस ती इथेच. डावीकडून एकेक शब्द मराठीत करत गेलीस की चौथ्या शब्दाला धागा सुटतो. त्यामुळे लांबलचक नामसमूह आला की शेवटाकडून धर. शेवटचा तुकडा आधी, मग त्याच्या अलीकडचा, असं करत मुख्य नामापर्यंत ये. मराठी आपोआप सरळ लागते. लिहिताना याच्या उलट करायचं: 'पत्र' आधी मांडायचं आणि बाकीचं त्याच्यामागे ओळीने लावायचं.

यातच आणखी एक बारकावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे 'फलाटावर बसली' आणि 'फलाटावरची मुलगी' यांत 'ची' हे एक अक्षर सगळा निवाडा करून टाकतं. पहिला तुकडा क्रियापदाचा, दुसरा मुलीचा. इंग्रजीत दोन्हीकडे 'ऑन द प्लॅटफॉर्म' हेच. कुणाचं कोण हे ठरतं फक्त जागेवरून. म्हणून 'आय सॉ द गर्ल विथ द बायनॉक्युलर्स' या वाक्याचे दोन अर्थ होतात: मी दुर्बिणीतून मुलगी पाहिली, किंवा दुर्बीण घेतलेली मुलगी पाहिली. मराठीत इथे असा घोटाळा होत नाही. तेव्हा इंग्रजी लिहिताना फ्रेज ज्याची आहे त्याच्या अगदी शेजारी ठेव. चुका ओळखण्याच्या प्रश्नात शब्द ठीक पण जागा चुकलेली असेल, तर ती तुला आता दिसेल.

कर्त्याचंही तसंच. आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या घेवड्याचं उदाहरण घे. 'द प्राइस ऑफ द बीन्स' पुढे 'इज' की 'आर'? बीन्स अनेकवचनी आहे म्हणून 'आर' लिहावंसं वाटतं. पण मराठीत तू कधी 'घेवड्याचा भाव वाढले' म्हणशील का? भाव वाढला. प्रीपोझिशनच्या तावडीत सापडलेलं नाम कर्ता होऊ शकत नाही. तो तुकडा मनातल्या मनात कंसात टाक, उरलेल्या 'प्राइस'कडे बघून 'इज' लिही.

आता कुठे कोणतं, हा तुझा मूळ प्रश्न. एका प्रत्ययाला किंवा शब्दयोगी अव्ययाला एक प्रीपोझिशन अशी जोडी लावायला जाऊ नकोस, फसशील. आपला 'ने' घे. एसटीने म्हणजे 'बाय बस', विळ्याने म्हणजे 'विथ अ सिकल', आणि 'तिने पत्र लिहिलं' म्हटलं तर इंग्रजीत काहीच नाही, नुसतं 'शी'. 'पासून'ही असाच. साताऱ्यापासून तो 'फ्रॉम', सोमवारपासून तो 'सिन्स', आणि दोन वर्षांपासून म्हटलं की 'फॉर'. हा शेवटचा फरक पेपरात हमखास येतो. सुरुवातीचा क्षण सांगितला असेल तर 'सिन्स', मधला काळ मोजला असेल तर 'फॉर'.

जागेसाठी मनात चित्र आण. इंग्रजी बोलणारा त्या ठिकाणाकडे बिंदू म्हणून बघतोय, पृष्ठभाग म्हणून की आतली जागा म्हणून? मिरजेकडे जाणारी गाडी रहिमतपूरला थांबते, तिथे 'ॲट रहिमतपूर', कारण गाडीच्या लेखी आपलं गाव हा वाटेवरचा एक बिंदू. आपण राहतो मात्र 'इन रहिमतपूर'. गाव तेच, बघणं वेगळं. काळाचंही जवळपास असंच: घड्याळाची वेळ 'ॲट', वार आणि तारीख 'ऑन', महिना आणि साल 'इन'. 'इन द मॉर्निंग' म्हणतात पण 'ऑन मंडे मॉर्निंग', कारण वार आला की त्याचंच चालतं. आपल्या गावात जन्मलेल्या नाटककार वसंत कानेटकरांवर दोन वाक्यं लिहून बघ. जन्म 'इन रहिमतपूर', 'इन मार्च', तारीख घातलीस तर 'ऑन'. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे 'अ प्ले बाय कानेटकर', आलं 'इन 1962'. एवढ्याशा मजकुरात निम्मा धडा होतो बघ.

काही ठिकाणी मात्र चित्राचा उपयोग नाही. तिथे क्रियापद किंवा विशेषणच जोडीदार ठरवतं. आपण कुणावर रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन' तोंडात येतं. इंग्रजीत माणसासाठी 'अँग्री विथ'. आपण कुणाशी लग्न करतो, ते 'मॅरिड टू'. गणितात हुशार, ते 'गुड ॲट मॅथ्स'. आणि काहींना जोडीदार लागतच नाही: 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको, 'एंटर'नंतर खोलीत शिरताना 'इन' नको, 'रीच'नंतर 'टू' नको. हे शब्द वहीत सुटे लिहू नकोस. सुईत दोरा ओवूनच ठेवतात तशी पूर्ण जोडी लिही आणि खाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य.

एक राहिलंच. मघाशी 'तुझ्यामाझ्यात' म्हटलं ना? तिथे 'तू' आणि 'मी' दोघंही बदलले. इंग्रजीत नाम ताठ राहतं, पण सर्वनाम वाकतं: 'बिटवीन यू अँड मी'. इथे 'आय' म्हणणं जास्त सुसंस्कृत वाटतं काहींना, पण ते चूक. प्रीपोझिशननंतर क्रियापद आलं तर त्याला 'आयएनजी' लागतो, 'आफ्टर ईटिंग', जसं आपलं 'जेवल्यावर'. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू' मधला 'टू' ही प्रीपोझिशन आहे, म्हणून तिथे 'मीट' नाही. अर्जाच्या शेवटी हे वाक्य तू लिहितेसच, नीट लिही.

आज रात्री जुन्या पेपरातला एक उतारा घे. प्रत्येक प्रीपोझिशनपासून तिच्या नामापर्यंत पेन्सिलीने कंस कर आणि कंसाबाहेर काय उरतं ते वाच. मग प्रत्येक कंसातून एक बाण काढ, तो ज्याचा आहे त्या शब्दाकडे. जिथे बाण कुठे न्यावा ते कळणार नाही, त्या ओळीचा फोटो मला पाठव. तेवढ्याच ओळी घेऊन रविवारी बसू.