टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढले का?

मागच्या महिन्यात विहारातल्या महिला बैठकीत एक ताई पिशवीतून रिपोर्ट काढून म्हणाल्या, "सिस्टर, टीएसएच अठरा आलाय. थायरॉईड आधीच वाढलंय, म्हणून मी गोळी बंद केली. वाढलेल्यात आणखी कशाला भर घालायची?"

ताईंचा हिशेब चुकला होता. पण तो त्यांनी विचार करून मांडला होता. चूक आमच्यासारख्यांचीही आहे. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही रिपोर्ट हातात ठेवून "गोळी चालू ठेवा" एवढेच सांगायचो. का, ते सांगायला थांबत नव्हतो. ते "का" आज समजून घेऊ.

हार्मोन म्हणजे निरोप

शाळेच्या पुस्तकात हार्मोनला संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या काही ग्रंथी हा रस तयार करतात आणि थेट रक्तात सोडतात. त्याला वेगळी नळी नसते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि ते मिनिटाभरात सगळीकडे एक फेरी मारून येते. त्यामुळे गळ्यातल्या ग्रंथीचा निरोप पायाच्या बोटापर्यंत पोहोचतो.

निरोप सगळीकडे फिरतो, पण तो प्रत्येकाला ऐकू जात नाही. ज्या पेशीवर त्या हार्मोनचे कुलूप आहे, तिथेच ती किल्ली लागते. काही निरोप तातडीचे असतात. कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते, ते काही सेकंदांत होते. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते, तेव्हा इन्सुलिन काही मिनिटांत कामाला लागते. थायरॉईडचा निरोप मात्र सावकाश चालतो. त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात.

टाकी आणि मोटर

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी आहे. ती मुख्यतः टी-४ आणि थोडे टी-३ ही हार्मोन तयार करते. हे आकडे आयोडीनचे आहेत. एकात आयोडीनचे चार अणू, दुसऱ्यात तीन. रक्तात यातले ९९ टक्क्यांहून जास्त हार्मोन प्रथिनांना चिकटून फिरते, म्हणजे तो साठा झाला. मोकळे असते तेवढेच काम करते. रिपोर्टवर "फ्री टी-४" लिहिलेले असते ते हेच मोकळे हार्मोन.

आता टीएसएच. तो थायरॉईडमधून येतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. त्याचे काम एकच, थायरॉईडला हुकूम देणे: "हार्मोन तयार कर."

चाळीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी कमी झाले की मोटर चालू होते, टाकी भरली की बंद होते. थायरॉईडचे हार्मोन म्हणजे टाकीतले पाणी आणि टीएसएच म्हणजे मोटर. पाणी खाली गेले की मोटर जोरात चालते. म्हणून बहुतेक वेळा टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉईडचे हार्मोन कमी पडते आहे. पिट्युटरी ओरडते आहे आणि ग्रंथीकडून पुरेसा माल येत नाही. टीएसएच फारच खाली गेला, तर बहुधा उलटे असते, हार्मोन जास्त झालेले असते.

बऱ्याच लॅबमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ या दरम्यान असला की ठीक मानतात. ताईंचा अठरा होता. म्हणजे टाकी रिकामी होती आणि त्यांनी पाणी भरणेच थांबवले होते. गोळीत तेच हार्मोन असते जे ग्रंथीला बनवता येत नाही. गोळी नीट लागू पडली की टीएसएच आपोआप खाली येतो.

"आळशी झालीय" म्हणण्याआधी

हार्मोन कमी पडले की शरीराचा सगळा कारभार मंद होतो. सतत थकवा, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, चेहरा सुजल्यासारखा दिसणे, वजन थोडे वाढणे, पाळीत जास्त रक्त जाणे, विसरभोळेपणा, मन उदास राहणे. ही सगळी लक्षणे एकदम येत नाहीत, हळूहळू येतात. म्हणून घरातले म्हणतात, "हल्ली हिचं कामात लक्ष नाही." कुणी बाहेरचे लागले म्हणून बुवाकडे नेतात. तो पैसा रक्ततपासणीला लावा.

हार्मोन जास्त झाले तर उलट दिसते. खाऊनही वजन उतरते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो, जुलाब होतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नुसता थकवा म्हणजे थायरॉईड नव्हे. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असणे फार आढळते, त्यातही असेच वाटते. म्हणून हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

गोळी कशी घ्यायची

* सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास चहा-नाश्ता नको. चहाबरोबर घेतलेली गोळी पुरती लागू पडत नाही.
* लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवा. गरोदर बायकांना या दोन्ही गोळ्या मिळतात, त्यामुळे तिथे ही चूक हमखास होते.
* डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. टी-४ रक्तातून निम्मे व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून आठ दिवसांत फरक शोधू नका.
* बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच. शेजारणीचा डोस आपला नसतो.

पोटातले बाळ आणि जन्मलेले बाळ

पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड हार्मोनवर चालते. बाळाची स्वतःची ग्रंथी तेव्हा पुरेशी तयार नसते. "गरोदरपणात औषध नको" असे सांगून ही गोळी कुणी बंद करू लागले, तर ऐकू नका. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा. बहुतेकींना डोस वाढवावा लागतो.

काही बाळे जन्मतःच ही ग्रंथी नसलेली किंवा दुबळी असलेली येतात. जन्मताना ती बहुधा चांगली दिसतात. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासणी करता येते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते, शिकते. उशीर झाला तर बुद्धीचे नुकसान होते आणि ते पुढे भरून येत नाही. दवाखान्यातून घरी निघण्याआधी विचारा, "बाळाची थायरॉईड तपासणी झाली का?" कावीळ लांबली, बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, रडण्याचा आवाज घोगरा आहे, तर थांबू नका.

चिमूटभर मीठ

या हार्मोनचा कच्चा माल आयोडीन. मोठ्या माणसाला दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम लागते. १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आयोडीनचे मीठ देऊन पाहिले. तिथले गलगंडाचे प्रमाण उतरले. त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. म्हणून सुट्या खडेमिठाऐवजी "आयोडीनयुक्त" लिहिलेले पाकीट घ्या आणि झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवा. पण मीठ जास्त खाऊ नका, त्याने रक्तदाब वाढतो. आणि ज्यांची ग्रंथीच बिघडली आहे, त्यांना मीठ पुरत नाही. त्यांना गोळीच लागते.

त्या ताईंनी डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली आहे. दोन महिन्यांनी तपासणी आहे, आम्ही बरोबर जाणार आहोत. तुमच्या घरात असा एखादा रिपोर्ट कपाटात पडला असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. एकत्र बसून वाचू.