कोंबडीचीं पिसें व तिचा खुराक

परसांत चारपांच कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांत अंड्यांचा पैसा बहुधा बायकांच्या हातीं येतो, व मीठमिरची आणि मुलांच्या वह्या त्यांतूनच भागतात. म्हणून चांगली कोंबडी चुकीनें विकली जाणें ही लहान हानि नव्हे. ती चूक प्रस्तुत लेखकाच्या घरीं झाली आहे. आश्विनांत आमच्या एका कोंबडीनें अंडीं देणें बंद केलें व तिच्या मानेचीं पिसें झडूं लागलीं. रोग समजून मीं ती बाजारांत मिळेल त्या किमतीस देऊन टाकिली. पौषांत तीच कोंबडी घेणाऱ्याच्या परसांत अंडीं घालूं लागल्याचें सुनेनें पाहिलें. तीस वर्षें वसुलाचे हिशेब लिहिले, परंतु हा हिशेब चुकला.

तिला रोग नव्हता. ती पिसें पालटीत होती. वर्षभर अंडीं घातलेली कोंबडी दिवस लहान होऊं लागले म्हणजे जुनीं पिसें टाकिते. प्रथम डोकें व मान, मग छाती व पाठ, शेवटीं पंख व शेपूट असा क्रम असतो, व मोकळ्या जागीं नव्या पिसांचे कोंब दिसतात. हें काम दोनतीन महिने चालतें.

पीस हें बहुतांशीं प्रथिनाचें, म्हणजे शरीर बांधणाऱ्या द्रव्याचें, बनलेलें असतें. अंड्यासही तेंच लागतें. एका शिध्यांत दोन्ही कामें भागत नाहींत, म्हणून अंडें थांबतें. पीस जाळलें असतां जो उग्र वास येतो तो त्यांतील गंधकाचा. अर्थात् गंधकयुक्त प्रथिन पोटांत गेल्यावांचून नवें पीस धड येत नाहीं. आणि आपण घालतों काय, तर मूठभर ज्वारी! तींत शेंकडा दहाच्या आसपासच प्रथिन. कोंबडीस सोळा ते अठरा पाहिजे.

यासाठीं वजनानें दहा भागांत सहा भाग ज्वारी किंवा मक्याची भरड, दीड भाग कोंडा, एक भाग भुईमुगाची व एक भाग तिळाची पेंड, आणि अर्धा भाग बिनमिठाची सुकट मिसळावी. तिळाची पेंड व सुकट यांत तें गंधकयुक्त प्रथिन विशेष असतें. दर कोंबडीस रोज सुमारें शंभर ग्रॅम खुराक पुरतो. मोकळी हिंडणारी किडे टिपते, तिला कमी चालेल. शिंपल्यांचा चुरा निराळ्या परळांत ठेवावा, अंडें सुरू झालें म्हणजे ती आपण होऊन खाते. बुरसटलेली पेंड मात्र कदापि घालूं नये. इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत अशा पेंडीनें एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी मेले.

पिसें क्रमानें न झडतां शेपटीखालींच विरळ झालीं, तर तेथें उवा पाहाव्या. पिसांच्या बुडाशीं लिखांचे पांढरे पुंजके दिसतात. उन्हांत उथळ खड्डा करून कोरडी माती व चाळलेली लाकडाची राख भरावी. कोंबडी त्यांत लोळते. लिखा फुटून नव्या उवा निघतात, म्हणून दहा दिवसांनीं पुन्हां पिसें उलटून पाहावीं.